सुट्ट्या गोळ्यांचा हिशोब

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मेडिकल शोधावं लागत नाही. आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या इथल्या गल्ल्यांमध्ये दवाखाना नाही अशी गल्ली सापडणं अवघड, आणि दवाखाना आला की त्याच्या शेजारी मेडिकल आलंच. जनता बाजार चौकातून मेन रोडने चालत निघालं तरी कापडाच्या, मोबाईलच्या, खाण्यापिण्याच्या दुकानांच्या मध्येमध्ये औषधांची दुकानं लागत राहतात. संध्याकाळी सातनंतर तिथे गर्दी होते. त्या गर्दीतली निम्मी माणसं चिठ्ठी घेऊन आलेली असतात, ती जरा कडेला उभी राहून वाट बघतात. उरलेल्यांना घाई असते. त्यातले काही तर गाडीवरून उतरतही नाहीत.

“भावा, डोकं लई दुखायलंय, काय तर दे.”

“मागच्या वेळची गुडघ्याची दोन द्या की.”

“अंगदुखीचा एक डोस बांधा.”

काउंटरमागचा पोरगा काही विचारत नाही. खोक्यातून पट्टी ओढतो, कात्रीने दोन गोळ्या कापतो, दुसऱ्या पट्टीतली एक, तिसऱ्यातली एक, सगळं छोट्या कागदी पाकिटात घालतो आणि वरती पेनाने दोन रेघा मारतो: सकाळ, संध्याकाळ. दहा-वीस रुपये देऊन गिऱ्हाईक निघून जातं. पाकिटात काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. उद्या त्याला कुणी विचारलं तर तो सांगेल, “एक पांढरी, एक पिवळी आणि एक गॅसची.”

या व्यवहाराला अडाणीपणा म्हणून नावं ठेवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. गवंड्याच्या हाताखाली दिवसभर पाट्या उचललेल्या माणसाला रात्री कंबर धरली, तर त्याने डॉक्टरची फी, तासभराची रांग आणि उद्याची बुडालेली रोजंदारी यांचा हिशोब केला तर त्यात चूक काय? जगभर माणसं साध्या दुखण्याला दुकानातूनच गोळी आणतात आणि ते शहाणपणाचंच आहे. प्रत्येक डोकेदुखी दवाखान्यात गेली तर दवाखाने कोलमडतील. माझी तक्रार चिठ्ठीशिवाय गोळी घेण्याबद्दल नाही. बिननावाची गोळी घेण्याबद्दल आहे.

आधी कायदा बघू, कारण त्याबद्दल गैरसमज भरपूर. चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या औषधांची ‘ओटीसी’ अशी वेगळी यादी बऱ्याच देशांत असते. आपल्याकडे औषधं व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्यांत अशी यादीच केलेली नाही. आहेत ती परिशिष्टं, म्हणजे शेड्यूल. ‘एच’ या शेड्यूलमध्ये पाचशेहून अधिक औषधं आहेत आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ‘एच-१’ हे त्याहून कडक. ते १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यातलं औषध दिलं की डॉक्टर, रुग्ण आणि औषध यांची नोंद दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. ट्रॅमाडॉल हे जोरकस वेदनाशामक या यादीत आहे. अशा सगळ्या याद्यांबाहेर जे उरलं ते आपोआप चिठ्ठीशिवायचं. मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सोळा औषधांना चिठ्ठीतून रीतसर मोकळं करण्याचा मसुदा काढला होता. त्यात पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम होतं, आणि डायक्लोफिनॅक होतं ते फक्त लावायच्या मलमाच्या रूपात.

पोटात घ्यायचं डायक्लोफिनॅक शेड्यूल ‘एच’मध्ये येतं. त्याच्या पट्टीवर ‘आरएक्स’ची खूण आणि लाल रंगातला इशारा छापलेला असतो. त्याचं भावंड एसिक्लोफिनॅक, त्याच्याही पट्टीवर तेच. म्हणजे गुडघ्याची म्हणून मागितलेली ‘मागच्या वेळची’ गोळी बहुतेक वेळा चिठ्ठीची गोळी असते. पण पट्टीतून कापून पाकिटात गेल्यावर लाल इशारा मागे राहतो आणि गोळी तेवढी पुढे जाते.

याच नियमांत एक गंमत आहे. शेड्यूल ‘के’नुसार एक हजारापर्यंत वस्ती असलेल्या खेड्यात ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, खोकल्याच्या गोळ्या असा काही घरगुती औषधांचा माल विनापरवाना दुकानदारही विकू शकतो. अट एवढीच की तो मूळच्या, न फोडलेल्या पाकिटात हवा. जिथे फार्मासिस्ट पोहोचत नाही तिथेसुद्धा कायद्याला पाकीट शाबूत हवंय. राजारामपुरीत दर पन्नास पावलांवर मेडिकल आहे, आणि इथे कात्री चालते.

आता त्या पाकिटातला माल. डोसमध्ये साधारणपणे एक पॅरासिटामॉल असतं किंवा पॅरासिटामॉल घातलेलं मिश्रण असतं. दुसरी गोळी डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅकची. तिसरी ‘सूज उतरायची’, म्हणजे बरेचदा सेरॅशिओपेप्टिडेज. हे औषध मूळ जपानचं. तिथल्या ताकेदा कंपनीने २०११ मध्ये ते स्वतःहून बाजारातून काढून घेतलं, कारण नव्याने केलेल्या चाचणीत ते आणि औषध नसलेली नकली गोळी यांच्या परिणामात फरक दिसला नाही. आपल्याकडे ते अजून जोरात खपतं. चौथी गॅसची. आणि काही पाकिटांत एक बारकी गोळी असते, जिच्यामुळे म्हातारी माणसं सकाळी उठून म्हणतात, “काय गुण आला बघा!” ते स्टेरॉइड असतं. संधिवाताच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्येही हेच निघतं. गुण खरा असतो, पण साखर चढते, रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केलं तर आणखी घात, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून दिलेलं असतं.

यातलं सगळ्यात सज्जन औषध पॅरासिटामॉल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते प्रयोगशाळेत तयार झालं, पण घरोघरी पोहोचलं १९५० च्या दशकात. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सूज मात्र उतरवत नाही. पोटाला ते झोंबत नाही. मूत्रपिंडाला बाकीच्यांपेक्षा बरंच सोसतं. गरोदर बाई, डेंग्यूचा संशय असलेला रुग्ण, रक्तदाबाचा म्हातारा, सगळ्यांसाठी डॉक्टर आधी याचंच नाव घेतात. ५०० मिलिग्रॅमची गोळी साधारण रुपयाला पडते. तिची किंमत सरकार ठरवून देतं.

या सज्जनाची एकच अट असते, मर्यादा पाळायची. निरोगी प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम. म्हणजे ५०० च्या आठ किंवा ६५० च्या सहा गोळ्या, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास. रोज दारू पिणाऱ्याला आणि यकृताच्या रुग्णाला याच्या निम्म्यावरच थांबावं लागतं. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करून बाहेर टाकतं. थोड्या भागाचा मात्र विषारी पदार्थ होतो आणि त्याला निकामी करायला यकृतात ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. मात्रा वाढली की साठा संपतो आणि ते विष यकृताच्याच पेशी मारायला लागतं. पहिल्या दिवशी माणसाला फारसं काही होत नाही. थोडी मळमळ, एवढंच. कावीळ दिसते तेव्हा दोन-तीन दिवस गेलेले असतात. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम चालतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं कळलं, तर त्रास व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

जास्त गोळ्या मुद्दाम कोण घेतं, असं वाटेल. हिशोब मांडून बघू. पावसाळ्यात एकाला ताप आला. घरात ६५० ची पट्टी होती. करोनाच्या काळापासून ती प्रत्येक घरात असतेच. त्याने दिवसातून चार घेतल्या: २६०० मिलिग्रॅम. नाक वाहत होतं म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ती तीन वेळा: १५००. अंग मोडून आलं म्हणून दुखण्याची गोळी दोन वेळा. एसिक्लोफिनॅकच्या जोडगोळीत ३२५ पॅरासिटामॉल असतं, म्हणजे ६५०. बेरीज ४७५०. तीन आजारांवर तीन वेगळी औषधं घेतली असं त्याला वाटतं. यकृताच्या लेखी एकच औषध आलं, तेही मर्यादेच्या वर. सुट्ट्या गोळ्यांवर नाव नसतं, त्यामुळे ही बेरीज करायची म्हटली तरी करता येत नाही.

इंग्लंडमध्ये १९९८ साली पॅरासिटामॉलच्या पाकिटांवर मर्यादा आली. साध्या दुकानातल्या पाकिटात १६ गोळ्या, औषधाच्या दुकानातल्या पाकिटात ३२. त्यानंतरच्या वर्षांत या गोळ्यांच्या विषबाधेचे मृत्यू चांगलेच घटले. आपल्याकडे दोन-चार गोळ्या कापून घ्यायची सवय आहे, त्या अर्थी आपण त्यांच्यापेक्षा काटकसरी. पण गोळीचं नाव जपण्यात ते पुढे.

लहान मुलांच्या बाबतीत चूक आणखी सहज होते, कारण बाटल्या सारख्या दिसतात. पॅरासिटामॉलचे थेंब असतात त्यात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, आणि जोरदार सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २५०. मुलाची मात्रा वजनावर ठरते, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या पोराला एका वेळी १०० ते १५०. थेंबांचं एक ते दीड मिलिलिटर पुरतं, साध्या सिरपचं चार ते सहा लागतं. थोरल्याला मागच्या वर्षी दिलं तसं ‘एक चमचा’ धाकट्याला थेंबांच्या बाटलीतून दिलं, तर ५०० मिलिग्रॅम जातं. अख्ख्या मोठ्या माणसाची गोळी. बाटलीबरोबर मिळणारं मापाचं टोपण हरवलं तर मेडिकलमधून सिरिंज मागून घ्यावी. स्वयंपाकघरातल्या चमच्याचा काही भरवसा नाही.

दुसरा गट म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड. जखम झाली, सांधा सुजला की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं आणि त्यांच्यामुळे ठणका जाणवतो. या गोळ्या ती बनवणाऱ्या विकराला अडवतात. ॲस्पिरिन बाजारात आलं १८९९ मध्ये, पण ते नेमकं काय करतं हे जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ मध्ये. त्यासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सत्तर वर्षं जग कारण न समजता ती गोळी गिळत होतं.

अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन फक्त ठणक्यापुरती नसतात. जठराच्या आतल्या अस्तराचं ॲसिडपासून रक्षण तीच करतात. ती थांबली की अस्तर उघडं पडतं, व्रण होतो, कधी रक्तस्राव होतो. उपाशीपोटी घेऊ नका म्हणतात ते यासाठी. जेवून घेतली म्हणजे धोका टळला असंही नाही, कारण ही गोळी रक्तात मिसळूनही जठराचं संरक्षण काढून घेते. बरोबरची गॅसची गोळी खरोखर उपयोगी पडते, पण योग्य जातीची असेल तर. आणि ती वाचवते पोटाला. मूत्रपिंडाला नाही.

मूत्रपिंडाचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे, कारण कोल्हापुरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक घरात ते लागू पडतं. मूत्रपिंडात रक्त गाळणारे बारीक केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. एक रक्तवाहिनी रक्त आत आणते, दुसरी बाहेर नेते. उसाला ठिबक केलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही: गाळणीत दाब टिकवायचा तर आतला कॉक मोकळा हवा आणि बाहेरचा थोडा आवळलेला हवा. आतला कॉक मोकळा ठेवतात प्रोस्टाग्लँडिन. बाहेरचा आवळून धरतं अँजिओटेन्सिन. आता रक्तदाबाच्या ज्या गोळ्या आपल्याकडे सर्रास चालतात, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या, त्या अँजिओटेन्सिनचं काम अडवतात, म्हणजे बाहेरचा कॉक सैल करतात. त्यांच्याच जोडीला लघवी वाढवणारं औषध असतं. ते एकूण पाणीच कमी करतं. एरवी या दोन्ही गोळ्या मूत्रपिंडाचं भलंच करतात. पण त्यांच्यावर गुडघ्याची गोळी पडली की आतला कॉकही आवळतो. दाब पडतो, गाळणी थांबते. त्यात एप्रिल-मे महिन्याचं ऊन असेल, जुलाब झाले असतील, दिवसभर पाणी कमी गेलं असेल, तर चार-आठ दिवसांत क्रिएटिनिन चढलेलं सापडतं. डॉक्टर या त्रिकुटाला फार वचकून असतात. काउंटरवर गुडघ्याची गोळी मागताना “मला बीपीची गोळी चालू आहे” एवढं एक वाक्य बोललं तरी समजदार फार्मासिस्ट हात आखडता घेईल. तेही आपण बोलत नाही, कारण आपल्या मनात बीपी एकीकडे असतो आणि गुडघा दुसरीकडे. (बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही सांगून ठेवतो. थांबवायची ती दुखण्याची.)

डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाला काय करू शकतं याचा सगळ्यात भयंकर पुरावा गिधाडांनी दिला. गुराढोरांना डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं सर्रास दिली जात होती. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की काही दिवसांत गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर जमे. २००४ मध्ये संशोधकांनी हे शोधून काढलं तोवर भारतातल्या गिधाडांच्या काही जाती जवळजवळ संपल्या होत्या. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका मात्रेच्या कुपीत विकायचं बंधन घातलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं.

डायक्लोफिनॅकचं माणसांतलं दुखणं वेगळं, हृदयाचं. जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ घेतल्यास त्याने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये बजावलं. ब्रिटनने जानेवारी २०१५ मध्ये त्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणं पूर्ण बंद केलं. हृदयाच्या रुग्णांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. रक्त पातळ ठेवणारी लहान मात्रेची ॲस्पिरिन रोज चालू असेल आणि तिच्या आधी आयबुप्रोफेन घेतलं, तर ते ॲस्पिरिनची जागा अडवून बसतं आणि तिचा उपयोग कमी होतो. गोळी रोज चालू असते, रक्षण मात्र होत नाही.

जुलै ते ऑक्टोबर कोल्हापुरात तापाचा हंगाम. डेंग्यू असेल तर प्लेटलेट खाली आलेल्या असतात, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. म्हणून तापाचं निदान होईपर्यंत ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक नाही. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. ‘ताप-अंगदुखीचा डोस’ मात्र नेमका याच हंगामात सर्वांत जास्त बांधला जातो.

कॉलेजातल्या मुलींच्या पर्समध्ये असते ती पाळीच्या दुखण्याची गोळी, मेफेनॅमिक ॲसिडची. या दुखण्यावर ती खरंच चालते. पाळीतला पोटाचा पिळवटा प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतो, त्यामुळे औषध नेमक्या ठिकाणी लागू पडतं. दुखणं कळसाला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली बरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने या औषधाबद्दल एक सूचना काढली: क्वचित कुणाला काही आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर ॲलर्जी येऊ शकते. त्या वेळी बातम्या घाबरवणाऱ्या छापून आल्या. घाबरायचं कारण नाही, पण अंगावर पुरळ आलं तर गोळीशी संबंध जोडता यायला हवा. औषधाच्या अशा त्रासाची तक्रार १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कुणालाही करता येते. तिथे पहिला प्रश्न विचारतात औषधाच्या नावाचा.

डोकेदुखीचं तंत्र मात्र उलटं. गणेश चतुर्थीला राजारामपुरीची आगमन मिरवणूक साऊंड सिस्टीमच्या भिंती घेऊन निघते, तेव्हा डोकेदुखीच्या गोळ्यांचा खप वाढत असेल तर त्यात नवल नाही. एका दिवसाच्या दुखण्याला एक गोळी, विषय संपला. पण ज्याला महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक लागते, किंवा कॅफिन वगैरे घातलेली मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस लागते, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, त्याच्या डोकेदुखीचं कारण ती गोळीच असू शकते. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की गोळी. कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी फुली मारून बघितली की महिन्याभरात खरं काय ते दिसतं. ही सवय मोडताना पहिले काही दिवस दुखणं वाढतं, त्यामुळे तेवढ्यापुरती डॉक्टरची सोबत असलेली बरी.

गुडघ्यासाठी एक पर्याय आपण उगाच हलका मानतो: मलम. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्याच्या आणि हाताच्या सांध्यांच्या झिजेवर चांगलं चालतं. गोळीच्या तुलनेत साधारण सहा टक्केच औषध रक्तात उतरतं, म्हणजे पोट आणि मूत्रपिंड बरेचसे वाचतात. पण ते दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावावं लागतं, आणि तालमीतल्या तेलासारखं रगडायची गरज नसते. बाम हा निराळा प्रकार. १८९३ मध्ये मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन सुरू केलं तेव्हापासून घराघरांत बाटली आहे. बऱ्याच बामांत मेंथॉलबरोबर मिथिल सॅलिसिलेट असतं, ते ॲस्पिरिनचंच चुलत भावंड. त्वचेला थंड-गरम जाणवत राहतं आणि मेंदूचं लक्ष दुखण्यावरून उडतं. तेवढ्यानेही पुष्कळदा भागतं.

राहता राहिला काउंटरपलीकडचा माणूस. फार्मसी कायदा १९४८ चा. त्यानुसार औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेतलेला माणूस तिथे उभा हवा. २०१२ च्या सुमाराला महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसणं, चिठ्ठीशिवाय विक्री, बिल न देणं यांवर राज्यभर कारवाया झाल्या. दुकानदार संघटनांनी बंद पुकारले, शटर खाली आली. पुढे जोर ओसरला. दुकानदारांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि तिथे तीच गोळी मिळते. विचारपूस करणारा फार्मासिस्ट गिऱ्हाइकाला शिष्ट वाटतो. “तुला काय करायचंय, दे की गोळी,” हे वाक्य त्याने दिवसातून कितीदा ऐकलेलं असतं. राजारामपुरीतही विचारपूस करणारे आहेत. साखर आहे का, पोटात कधी व्रण होता का, दुसरं काय चालू आहे, असं विचारणारा माणूस सापडला तर दुकान बदलू नये. त्याचे ते तीन प्रश्न फुकटातले आहेत, आणि दवाखान्यात गेलात तर डॉक्टरही आधी तेच विचारणार.

दोनच गोळ्या हव्या असतील तर दोनच घ्या. अख्खी पट्टी घेण्याची सक्ती कुणी करू नये. पण पट्टीची रचना बघा. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बहुतेक पट्ट्यांवर एकाच टोकाला छापलेली असते. कात्री दुसऱ्या टोकाकडून चालते, त्यामुळे पहिल्या चार गिऱ्हाइकांच्या हाती कोरी फॉइल येते आणि तारीख येते शेवटच्याच्या वाट्याला. मोबाईल सगळ्यांच्या खिशात असतो. कापण्याआधी पट्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घेता येतो. घटकाचं नाव, ताकद, बॅच, तारीख, सगळं त्यात येतं. दुकानदार क्षणभर चमकतो, पण नाही म्हणत नाही. बिल मागितलं तर त्यावरही बॅच येतो.

बॅचचं काय करायचं? केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी जाहीर करते. ती यादी कंपनीच्या नावाने अख्खं औषध बाद करत नाही, ठरावीक बॅच बाद करते. ऑगस्ट २०२४ च्या यादीत साध्या ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलचीही एक बॅच होती. त्या महिन्यात ज्यांच्या घरी पट्टी होती त्यांना आपली बॅच ताडून बघता आली. ज्यांच्याकडे पाकिटातल्या सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या होत्या, त्यांच्याकडे ताडून बघायला काहीच नव्हतं.